कागदावरचे तळे



४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशाने बांधलेल्या व चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा तो ठराव होता. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले केले. ठराव झाला, दप्तरात नोंद झाली, आणि तळ्याचे पाणी होते तेथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या लोकांसह तळ्यावर चालून गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या कागदाला पाण्याचा स्पर्श झाला. त्यानंतरही हायकोर्टाचा अंतिम निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

हा इतिहास आपल्या घरातील लेकराबाळांनाही ठाऊक आहे. तो पुन्हा सांगण्याचे कारण असे की, तसेच एक तळे आज आपल्या डोळ्यांसमोर आहे, आणि त्याच्या काठावर तहानलेली माणसे उभी आहेत. शहरात जेथे जेथे इमारत उठते आहे, पूल होतो आहे, मेट्रोचे खांब उभे राहत आहेत, तेथे तेथे ते तळे आहे. बांधकाम-मजुरांसाठी संसदेने १९९६ साली स्वतंत्र कायदा केला. त्यात काय नव्हते? कामाच्या जागी पिण्याचे स्वच्छ पाणी हवे, त्या जागेवर मजुरांना कळेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहिलेले हवे, आणि ती जागा मोरी, मुतारी वा संडासापासून सहा मीटरांच्या आत नसावी. इतक्या बारकाव्याने ते लिहिले होते. शौचालये, राहण्याची तात्पुरती परंतु मोफत सोय, त्या सोयीत स्वयंपाकाची वेगळी जागा, नहाणी, धुण्याची जागा, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर, प्रथमोपचाराची पेटी, मोठ्या कामावर उपाहारगृह. सारे काही होते. महाराष्ट्रात त्या कायद्याचे नियम होण्यास २००७ साल लागले आणि कल्याण मंडळ स्थापन होण्यास २०११. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या आहेत आणि या सोयींचे विषय त्या संहितांत सामावले गेले आहेत. कागद बदलला. तुमच्या वस्तीजवळच्या कोणत्याही बांधकामावर जाऊन पाहा, तळे किती भरले आहे ते!

गवंड्याच्या हाताखाली विटा, वाळू आणि माल देणाऱ्या माणसाला आपली मराठी भाषा ‘बिगारी’ म्हणते. हा शब्द कोठून आला, याचा विचार तुम्ही केला आहे काय? बेगार, बिगार, वेठबिगार. ज्या कामाचे दाम मागण्याची सोय नाही ते काम. आपल्या आज्यापणज्यांनी महार वतनाच्या नावाखाली गावाची जी वेठ वाहिली, तीच ही. ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ पासून कायदेमंडळात झुंज दिली. ती कनिष्ठ वतने प्रत्यक्ष नाहीशी करणारा मुंबई राज्याचा कायदा त्यांच्या परिनिर्वाणानंतर, १९५८ साली झाला. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार हा गुन्हा ठरला. वेठ गेली, शब्द मात्र डोक्यावर घमेले घेऊन परांचीवर चढला आहे.

शब्दच तेवढा उरला असता तर आम्ही या पानांत त्याची चर्चा केली नसती. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची तयारी चालली होती. तेथील मजुराचे किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. त्यातून जमादार १ रुपया आपली दलाली म्हणून कापून घेई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम ही २३ व्या अनुच्छेदातील वेठच होय. आता हाच न्याय पुढे चालवा. ज्या मजुराला मालकाने पाणी दिले नाही आणि पाण्याचा जार पदरमोड करून विकत घ्यावा लागला, ज्या स्त्रीला मालकाने शौचालय दिले नाही आणि दर खेपेस पैसे मोजून सार्वजनिक शौचालयात जावे लागले, तिच्या हाती संध्याकाळी पडलेली मजुरी पुरी पडली काय? जमादाराने रुपया हिशेबातून कापला. हा मालक तहानेतून कापतो. आमच्या मते या दोहोंत फरक नाही.

पाण्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. काँक्रीटला पाणी लागते. माल कालविताना लागते, आणि स्लॅब पडल्यानंतर आठवडाभर आणि अधिकही दिवस तो सतत ओला ठेवावा लागतो, नाही तर त्याला तडे जातात. म्हणून प्रत्येक बांधकामावर पाणी असतेच. टँकर येतात, हौद भरतात, पाइप सोडलेले असतात. सिमेंटला तहान लागते हे इंजिनिअरला पक्के ठाऊक असते, त्याचे वेळापत्रक असते, त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. वैशाखात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा त्या स्लॅबवर गोणपाट अंथरून दिवसातून कितीदा तरी पाणी मारले जाते. आणि ते पाणी मारणारा माणूस त्याच हौदातले, बोअरचे, सिमेंटचा थर साचलेले पाणी डब्याने काढून पितो. इमारतीला तडा जाऊ नये याची काळजी आहे, माणसाच्या मूत्रपिंडाला तडा गेला तर तो गावी जाऊन मरतो आणि त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

आणि स्त्रीचे काय? येथे आम्ही संकोच सोडून लिहीत आहोत, कारण संकोचाचा फायदा आजवर ठेकेदारानेच घेतला आहे. बांधकामावर शौचालय नसते, किंवा असते ते कार्यालयाच्या बाजूला, साहेबलोकांसाठी, कुलूप लावलेले. पुरुष कोठेही आडोसा पाहतो. स्त्री पहाटे अंधारात जाते आणि मग रात्र पडेपर्यंत थांबते. थांबायचे तर पाणी पिऊन चालत नाही. म्हणून ती तापलेल्या उन्हात, डोक्यावर ओझे वाहत असताना, बुद्ध्याच पाणी पीत नाही. लघवीची जळजळ, ताप, पोटातील दुखणे हे तिच्या आयुष्याचे सोबती होतात. महिन्याच्या चार दिवसांत ती काय करते, हे तिलाच विचारा. पत्र्याचे चार तुकडे, एक खड्डा आणि एक पाण्याची टाकी, एवढ्याने जे दुःख टळले असते, त्यासाठी कोट्यवधींच्या इमल्यात जागा निघत नाही!

तीच गत पाळणाघराची. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी-जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी तेथेच एका तंबूत पाळणाघर उघडले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. काम संपले की पाळणाघर पुढच्या कामावर हलवायचे, ही त्यांची साधी युक्ती. म्हणजे ‘फिरत्या कामावर पाळणाघर चालू शकत नाही’ हा आक्षेप अर्ध्या शतकापूर्वीच निकालात निघाला. तरी मूल वाळूच्या ढिगावर का खेळते? उत्तर हजेरीपटात आहे. नवराबायको ‘जोडी’ म्हणून कामावर येतात, मुकादम दोघांची मजुरी नवऱ्याच्या हातात ठेवतो, आणि बाईचे नाव कोठेच लागत नाही. ज्या कामावर साठ स्त्रिया घमेली वाहत आहेत तेथे कागदावर दहाही दिसत नाहीत. शिवाय एका कामाचे पाच पोटठेकेदार केले की कोणाकडेच पन्नास भरत नाहीत. १९९६ च्या कायद्याने पन्नास स्त्रियांची अट घातली आणि मालकाने स्त्रियाच पुसून टाकल्या. नव्या संहितेत पाळणाघरासाठी पन्नासांहून अधिक कामगार, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, असा हिशेब आला आहे. ही सुधारणा आहे हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ज्यांनी स्त्रिया पुसल्या ते पुरुषही पुसण्यास कमी करणार नाहीत. त्यातच निरीक्षकाला संहितेने ‘निरीक्षक आणि साहाय्यकर्ता’ असे दुहेरी नाव दिले आहे. तो साहाय्य कोणास करतो, ते पाहण्यासाठी आम्ही उत्सुक आहोत.

राहण्याच्या सोयीविषयी आम्ही फार लिहीत नाही. घडलेल्या गोष्टीच सांगतो. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढवा येथे एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत पावसात कोसळली. भिंतीच्या पायथ्याशी, शेजारच्या बांधकामावरील मजुरांची पत्र्याची खोपटी होती. १५ माणसे झोपेतच गेली; त्यांत लहान मुले होती. बहुतेक बिहारमधून पोटासाठी आलेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीत मजुरांच्या वसाहतीतील पाण्याची तात्पुरती टाकी फुटून, तिच्याखाली अंघोळ करीत असलेले मजूर प्राणास मुकले. म्हणजे सोय दिली तीही अशी दिली की तिनेच माणसे मारावीत. आणि त्याच वर्षी डिसेंबरात वाघोलीत पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. दोन चिमुकली मुले आणि एक तरुण जागीच ठार झाले. ही माणसे परप्रांतातली नव्हती. अमरावतीकडून पुण्यास बांधकामावर काम मिळेल म्हणून आलेली होती. विदर्भातून आणि मराठवाड्यातून शहराकडे जाणारी ती वाट आपल्यापैकी किती कुटुंबांनी तुडविली आहे, हे आम्ही सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून आपल्या घरात आहेत, त्यांचे हात पाहावेत.

आता ठेकेदाराचे म्हणणे ऐका. तो म्हणतो, ‘काम आठ महिन्यांचे, मग माणसे निघून जाणार, एवढ्यासाठी कायमच्या सोयी कशाला?’ हे म्हणणे ज्याला पटते त्याने एवढेच पाहावे की, विक्रीसाठी नमुन्याचा फ्लॅट सजविण्यात येतो तोही आठच महिन्यांचा असतो, त्यात गाद्या, पडदे, थंड हवेचे यंत्र असते. आठ महिने ही मुदत कोणासाठी थोडी आणि कोणासाठी पुरेशी, हे मालकाच्या तिजोरीवर ठरते. शिवाय मजुराचे काम तात्पुरते असले तरी मजूर तात्पुरता नाही. या कामावरून तो त्या कामावर जातो आणि असे त्याचे सारे आयुष्य जाते.

दुसरे म्हणणे अधिक धूर्त आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित लोक त्यास फसतात. ‘आम्ही सरकारला उपकर भरला आहे, आता सोयी मंडळाकडे मागा.’ बांधकामाच्या खर्चावर शेकडा १ प्रमाणे उपकर घेतला जातो हे खरे आहे. दहा कोटींच्या बांधकामामागे दहा लाख. परंतु तो निधी मजुराच्या अपघातासाठी, आजारासाठी, बाळंतपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आणि म्हातारपणासाठी आहे. कामावरील पाणी, शौचालय व निवारा यांचा खर्च मालकाच्या अंगावर वेगळा आहे. एक देणे दाखवून दुसरे बुडवावयाचे, ही सावकाराची जुनी रीत झाली.

या निधीची कल्पना कोठली आहे, हेही तुम्हांस माहीत असावे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले, मजुरांची राहती घरे पाहिली. लगेच, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवावा आणि तो पैसा कोळसा काढणाऱ्याच्या घरासाठी, पाण्यासाठी, आरोग्यासाठी खर्चावा, असे त्याचे तत्त्व होते. ज्याच्या घामाने माल निघाला, त्या मालातूनच त्याचा वाटा अलग काढावयाचा. यात दानशूरपणास जागा ठेवलेली नाही, आणि हेच त्याचे मोठेपण आहे. कारखान्यातील मजुरांच्या सोयींचा सविस्तर कायदा १९४८ साली झाला. त्या कारखान्याच्या भिंती ज्याने बांधल्या त्याला आपला कायदा मिळण्यास आणखी ४८ वर्षे लागली!

आणि मिळाल्यावर काय झाले? २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात सांगितले की, देशभरात या उपकराचे ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक जमा झाले आणि मजुरांच्या नावे सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले. त्या खर्चातही कोठे धुलाईयंत्रे आणि लॅपटॉप विकत घेतल्याचे त्यापूर्वीच न्यायालयापुढे आले होते. आपल्या राज्यात मंडळाकडून भांड्यांचे संच वाटले जातात, पेट्या वाटल्या जातात, वाटपाच्या दिवशी मांडव पडतो, पुढाऱ्याचा हार होतो. मजूर भगिनी ती भांडी घेते यात तिचा दोष नाही. तिच्या घरात ती लागतातच. पण ज्या कामावर नळ नाही तेथे तो हंडा कशाने भरावयाचा, हे त्या मांडवात कोणी विचारीत नाही. हक्काचे पैसे भेटवस्तूच्या रूपाने परत देऊन वर आभार मानून घ्यावयाचे, हे नवे गावकीचे बलुते आहे. आपण ते ओळखले पाहिजे. आपल्याइतके ते दुसऱ्या कोणास ओळखता येईल?

आता आपल्याकडे वळतो. हे लिहिणे काही वाचकांस रुचणार नाही, तरी लिहिले पाहिजे. दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत आज तीन तऱ्हेची माणसे आहेत. काही नाक्यावर उभे राहून रोज काम शोधणारी. काही शिकून इंजिनिअर, पर्यवेक्षक, ठेकेदार झालेली. आणि काही फ्लॅट विकत घेणारी, घर बांधणारी, वर्गणी काढून वस्तीत विहार उभारणारी. पहिल्यांचे दुःख दुसऱ्यांच्या सहीने आणि तिसऱ्यांच्या पैशाने चालू राहते, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर देणार? मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्यांतील पहिल्याशी आपण तोंड भरून भांडतो. दुसरा आपल्याच घरात पाहुणा म्हणून आला की पाट मांडतो.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थास जो उपदेश केला तो गृहस्थधर्माचा पाया म्हणून आपण वाचतो. त्यात सहा दिशांना नमस्कार करण्याचा खरा अर्थ सांगताना, खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली राबणारी माणसे, असे तथागतांनी सांगितले. त्यांच्याविषयी धन्याची पाच कर्तव्ये आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून घ्यावे, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. ही कर्तव्ये सांगताना किती माणसे कामावर असावीत असा आकडा भगवंतांनी घातला नाही. कायद्याने दहा मजुरांची अट घातली. म्हणून आपल्या वस्तीतील विहार, आपले दोन खोल्यांचे घर, जेथे दोन गवंडी आणि तीन बिगारी राबतात, ते बहुधा निरीक्षकाच्या नजरेत येतच नाही. तेथे निरीक्षक आपणच. विहाराच्या पायाभरणीस भन्तेंना बोलाविले, वंदना झाली, खीर वाटली, आणि त्या पायात उतरलेल्या बाईला लघवीस जावयास जागा नाही, तर त्या वंदनेचा अर्थ काय?

म्हणून विहार समितीच्या सभेत, ठेकेदाराशी करारपत्र करण्यापूर्वी, पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. खोदाई सुरू होण्याआधी दाराची कडी आतून लागेल असे शौचालय आणि झाकलेल्या पाण्याची टाकी उभी राहील. सावलीची एक जागा असेल. दुपारच्या कडक उन्हात काम बंद राहील. प्रत्येक स्त्रीचे नाव हजेरीपटावर वेगळे लागेल आणि तिची मजुरी तिच्याच हातात पडेल. खर्च वाढेल तो किती, हे ठेकेदारास आकडा लिहून मागावे. मूर्तीच्या संगमरवराशी त्या आकड्याची तुलना समितीने आपल्या आपण करावी.

जे स्वतः बांधकामावर आहेत त्यांनी मंडळाकडील नोंदणी चुकवू नये. वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम, एवढीच मुख्य अट आहे. ९० दिवसांचा दाखला मालकाने द्यावयाचा असतो. गावी ग्रामसेवकाकडूनही तो मिळतो. तो दाखला ‘काढून देतो’ म्हणून पाचशे-हजार मागणारे दलाल कचेरीच्या दाराशी बसलेले असतात, त्यांना एक पैसाही देऊ नका. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी रविवारी विहारात बसून हे अर्ज भरून द्यावेत. नवराबायको दोघांचेही अर्ज वेगवेगळे भरावेत. आणि ज्या कामावर पाणी नाही तेथील मजुरांनी एकेकट्याने मुकादमाला विचारू नये, कारण एकट्याला दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही. सर्वांनी मिळून, लेखी, सह्या व अंगठ्यांनिशी मागावे, त्याची एक प्रत कामगार आयुक्तांच्या कचेरीत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ती पोच जपून ठेवावी.